पिकअपच्या डिफरन्शियलचं ऑइल घरी बदलताना

या कामात नवखा माणूस अडकतो तो बहुतेक एकाच ठिकाणी. जुनं ऑइल खाली सोडून दिलेलं असतं, हाउसिंग, म्हणजे डिफरन्शियलच्या गिअरांचं धातूचं कवच, रिकामं झालेलं असतं, आणि मग लक्षात येतं की नवीन ऑइल भरायचं बूच गंजाने जाम झालंय, निघायचं नाव घेत नाही. आता ऑइल भरता येत नाही आणि बिनऑइलची गाडी चालवत गॅरेजलाही नेता येत नाही. म्हणून पुढचं काही वाचण्याआधी एवढं पक्कं करा: आधी भरायचं बूच सोडवायचं. ते हाताने फिरेल इतकं मोकळं झालं की मगच ऑइल सोडायच्या बुचाला किंवा झाकणाला पाना लावायचा.

हा क्रम सांभाळला तर उरलेलं काम अवघड नाही. पिकअप जमिनीपासून उंच असते, मागचा ॲक्सल हाताशी येतो, हत्यारं थोडी लागतात, इंजिन ऑइलसारखा फिल्टर बदलायची भानगड नसते. शिवाय एरवी कधी मिळत नाही अशी एक संधी मिळते. डिफरन्शियलच्या आत काय चाललंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. जुन्या ऑइलचा रंग, त्याचा वास, चुंबकाला चिकटलेला कीस नीट पाहिला तर क्राउन आणि पिनियन या मुख्य गिअरांची आणि बेअरिंगांची तब्येत बरीच कळते. माझ्या मते हे बघणं नवं ऑइल भरण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि घाईच्या कामात नेमकं तेच राहून जातं.

हे ऑइल वेगळं का

इंजिनकडून मागे येणारा शाफ्ट गाडीच्या लांबीत असतो आणि चाकांचा ॲक्सल आडवा. शाफ्टच्या टोकाचा छोटा पिनियन मोठ्या क्राउन व्हीलला फिरवतो, तिथे फिरण्याची दिशा काटकोनात वळते, वेग कमी होतो आणि जोर वाढतो. क्राउनला जोडलेल्या पेटीत छोटे बेव्हल गिअर असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, ते या गिअरांमुळे जमतं.

पिकअपमध्ये पिनियन बहुधा क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. तिच्यात एका वेळी जास्त दात एकमेकांना धरतात, म्हणून भार जास्त पेलवतो आणि आवाज कमी येतो. पण हे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घासत सरकतात. साधं ऑइल त्या दाबाने दातांमधून पिळून बाहेर जाईल. म्हणून हायपॉइडच्या गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. दातांवर उष्णता आणि दाब वाढला की ती धातूवर पातळ थर धरतात आणि धातूला धातू चिकटून फाटण्यापासून वाचवतात. डबा उघडल्यावर येणारा उग्र वास त्या गंधकाचाच. तो कपड्यांना आणि हातांना दिवसभर सोडत नाही, तेव्हा हातमोजे घालाच.

इंजिन ऑइलसारखी काजळी किंवा इंधन या ऑइलमध्ये मिसळत नाही, त्यामुळे ते पुष्कळ टिकतं. तरी ते खराब होतंच. उष्णतेने घट्टपणा बदलतो, संरक्षण देणारी द्रव्यं खर्च होत जातात, ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायच्या वाटेतून) ओलावा शिरतो आणि दातांची झीज होऊन निघालेला बारीक कीस त्याच ऑइलबरोबर बेअरिंगांमधून फिरत राहतो.

बदलायचं कधी, याचं उत्तर गाडीच्या पुस्तिकेत असतं आणि तेच प्रमाण मानायचं. साध्या वापरात ५० ते ८० हजार किलोमीटर हा अंतराचा नेहमीचा पल्ला. ट्रेलर ओढत असाल, कायम पूर्ण ओझं भरत असाल किंवा गाडी चिखलपाण्यात चालत असेल तर त्याच्या निम्म्यावर या. काही पुस्तिकांत डिफरन्शियलचं ऑइल बदलायची गरजच नाही असं म्हटलेलं असतं. ओझं वाहणाऱ्या गाडीसाठी मला ते अजिबात पटत नाही. ॲक्सल बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी गेली असेल तर किलोमीटर मोजत बसू नका, त्याच आठवड्यात बूच उघडून बघा.

तुमचा ॲक्सल कोणत्या जातीचा

गाडीखाली जाऊन मधल्या गोल हाउसिंगकडे बघा. दोन प्रकार दिसतील.

पहिल्या प्रकारात मागची बाजू बंद, गुळगुळीत असते आणि क्राउन-पिनियनचा सगळा जथा पुढून, शाफ्टच्या बाजूने निघतो. टोयोटा हायलक्सचा मागचा ॲक्सल असा आहे. यात दोन बुचं असतात, तळाशी सोडायचं आणि साधारण मध्यावर भरायचं. पहिल्यांदा करणाऱ्यासाठी हा प्रकार सोपा.

दुसऱ्या प्रकारात मागे पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियमचं झाकण असतं, कडेने दहा-बारा बोल्ट. डेना ४४ आणि डेना ६० हे नावाजलेले ॲक्सल याच जातीचे. अशा अनेक ॲक्सलांना सोडायचं बूचच नसतं, ऑइल काढायला झाकण उघडावं लागतं. कष्ट थोडे जास्त, पण सगळे गिअर समोर दिसतात. भरायच्या बुचातून पंपाने जुनं ऑइल ओढून घेण्याचा एक मार्ग आहे, तो मला पसंत नाही. तळाला बसलेला कीस आणि गाळ तसाच मागे राहतो, आणि तोच तर काढायचा असतो.

ऑइल निवडताना

डब्यावर दोन गोष्टी बघायच्या: घट्टपणाचा आकडा आणि दर्जा. आकडा ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९०, ७५डब्ल्यू-१४०, ८५डब्ल्यू-१४० असा काहीतरी असतो. पुस्तिकेत जो लिहिलाय तोच घ्या. ९० हा आकडा बघून हे ऑइल इंजिन ऑइलपेक्षा कितीतरी घट्ट असेल असं वाटतं, पण दोन्हींची मोजपट्टी निराळी आहे. तापल्यावर ९० नंबरचं गिअर ऑइल आणि ४० किंवा ५० नंबरचं इंजिन ऑइल जवळपास सारखंच वाहतं. जाड ऑइल जास्त चांगलं, या समजुतीने १४० नंबर भरू नका. पुस्तिकेने जड ओढकामासाठी सांगितलं असेल तरच तो घ्यायचा.

दर्जा म्हणजे जीएल-४ किंवा जीएल-५. हायपॉइड डिफरन्शियलला जीएल-५ लागतं, दातांवरचा दाब सोसण्याची ताकद त्यात जास्त असते. उरलेलं जीएल-५ मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये मात्र ओतू नका. अनेक गिअरबॉक्सना जीएल-४ च लागतं, कारण त्यांच्यातल्या, गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना जीएल-५ मधली तीव्र द्रव्यं मानवत नाहीत.

तिसरा प्रश्न लिमिटेड स्लिपचा. काही पिकअपच्या डिफरन्शियलमध्ये क्लचच्या चकत्या असतात. एक चाक घसरायला लागलं की त्या दुसऱ्या चाकाकडे जोर पोहोचवतात. या चकत्यांना ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण बदलणारं द्रव्य, लागतो. तो नसेल तर वळताना मागून कटकट, थरथर सुरू होते. काही ऑइलमध्ये तो आधीच मिसळलेला असतो, काहींसोबत छोटी बाटली वेगळी घ्यावी लागते. उलट काही यांत्रिक लॉकरना (दोन्ही चाकं एकत्र जखडणाऱ्या डिफरन्शियलना) तो चालतच नाही. तेव्हा अंदाजाने ओतू नका. दारावरच्या पट्टीवरचा ॲक्सल कोड किंवा झाकणाच्या बोल्टखाली अडकवलेली धातूची चकती वाचा आणि पुस्तिकेशी ताडून बघा. दोन्ही मागची चाकं उचलून एक हाताने फिरवायचं आणि दुसरं उलट फिरतं की त्याच दिशेने ते बघायचं, ही चाचणी पुष्कळ जण सांगतात. साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरं चाक उलट फिरतं हे खरं, पण चकत्या झिजलेलं लिमिटेड स्लिपही तसंच वागतं. म्हणून भरवसा कोडवर ठेवा.

मागच्या ॲक्सलला साधारण २ ते ४ लिटर ऑइल लागतं. नेमका आकडा पुस्तिकेत बघा आणि एक बाटली जास्तीची आणा.

जमवाजमव

बुचाच्या मापाचा सहा कोनांचा सॉकेट किंवा ॲलन बिट, लांब दांड्याचा हँडल, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळू देणारा पाना), तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, ब्रेक क्लीनर, भरपूर चिंध्या, पाच-सहा लिटर मावेल असं पसरट घमेलं, बाटलीच्या तोंडावर बसणारा हातपंप आणि त्याची नळी. बुचाला वायसर असेल तर नवीन वायसर. झाकणाचा ॲक्सल असेल तर नवीन पॅकिंग किंवा गिअर ऑइल सोसणारा आरटीव्ही सिलिकॉन (लावल्यावर वाळून पॅकिंगचं काम करणारी पेस्ट), आणि प्लास्टिकची खरवडणी. डोळ्यांना चष्मा हवा, कारण गंजाचे कण आणि ऑइल दोन्ही वरून खाली पडतं आणि तुम्ही खाली असता.

गाडी उभी करताना

शक्य असेल तर गाडी जॅकवर चढवूच नका. पिकअपच्या खाली बहुधा तसंच शिरता येतं, आणि गाडी चारही चाकांवर सपाट उभी असली की ऑइलची पातळी आपोआप बरोबर येते. मागची बाजू उचललेली असेल तर हाउसिंग तिरकं होतं आणि बुचाशी दिसणारी पातळी खोटी ठरते.

उचलावीच लागली तर नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, कितीही थोडा वेळ असो. घोड्या (गाडी पेलणारे स्टँड) लावा, त्या घट्ट, सपाट जमिनीवर असू द्या, आणि खाली जाण्यापूर्वी गाडी हाताने ढकलून बघा. हँडब्रेक साधारणपणे मागच्या चाकांना लागतो. मागची चाकं हवेत गेली की तो गाडी धरून ठेवत नाही, तेव्हा पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेतच. गाडी जमिनीवर असली तरी ठोकळे लावा. पातळी तपासायच्या वेळी मात्र गाडी सपाट झाली पाहिजे, म्हणजे चारही बाजू सारख्या उचललेल्या किंवा चारही खाली.

कामाआधी दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आणा. थंड गिअर ऑइल मधासारखं संथ उतरतं आणि गाळ मागे सोडतं. कोमट झालं की सगळं घेऊन खाली येतं. लांबच्या प्रवासाहून आल्या आल्या मात्र हात घालू नका, तेव्हा ऑइल आणि हाउसिंग भाजेल इतकं तापलेलं असतं. स्टेपनी मागे खाली टांगलेली असेल आणि आड येत असेल तर ती आधीच उतरवून ठेवा.

भरायचं बूच

हाउसिंगवरची माती तारेच्या ब्रशने घासून काढा, विशेषतः दोन्ही बुचांभोवतीची आणि झाकणाच्या कडेची. बूच निघाल्यावर ती माती थेट गिअरांत पडते.

काही बुचांना बाहेरून षट्कोनी डोकं असतं. काहींना आत खाच असते, षट्कोनी किंवा चौकोनी. चौकोनी खाचेत रॅचेटचं ३/८ किंवा १/२ इंची टोक थेट बसतं. खाचेचं बूच असेल तर इथे दोन मिनिटं जास्त घालवा. वर्षानुवर्षांचा चिखल त्या खाचेत वाळून दगडासारखा टणक झालेला असतो. हत्यार वरवर बसतं, आपल्याला वाटतं बसलं, आणि जोर लावला की निसटून कडा गोल करून टाकतं. बारीक खिळ्याने किंवा टोच्याने तळापर्यंत उकरा, स्प्रे मारून पुसा, मग हत्यार घाला आणि ते पूर्ण खोल गेलंय ना ते बोटाने चाचपून बघा. कड गोल झाली की सोपं काम अवघड झालंच म्हणून समजा.

बूच हलत नसेल तर गंजाचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी बुचाच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या, आधी किंचित आवळण्याच्या दिशेने जोर द्या, मग सोडवा. दांडा लांब घ्या आणि झटके न देता सलग जोर लावा. तरीही नाही निघालं तर थांबा. ऑइल अजून आत आहे, गाडी चालवत गॅरेजला नेता येते.

ऑइल सोडणं

खाली बूच असेल तर घमेलं ठेवा, बूच सैल करा, शेवटचे आटे हाताने फिरवा आणि पटकन बाजूला घ्या. कोमट ऑइलची धार सुरुवातीला जरा लांब पडते, त्या अंदाजाने घमेलं ठेवा. निथळायला पंधरा-वीस मिनिटं द्या.

झाकण असेल तर खालचे आणि बाजूचे बोल्ट काढा, पण वरचे दोन फक्त सैल करून जागेवर राहू द्या. सगळे काढले तर झाकण अंगावर आणि ऑइल तोंडावर येतं. आता झाकणाच्या खालच्या कडेशी हळूच फट पाडा. काही झाकणांना त्यासाठी खास कंगोरा ठेवलेला असतो. नसेल तर झाकणाच्या कडेवर रबरी हातोडीने ठोका. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका, कारण हाउसिंगच्या सपाट पृष्ठभागावर एक ओरखडा उमटला तरी तिथून ऑइल पाझरत राहतं. फट पडताच धबधब्यासारखं ऑइल येईल. ते थांबलं की वरचे बोल्ट काढून झाकण खाली घ्या. ओळखीची चकती कोणत्या बोल्टखाली होती ते लक्षात ठेवा, ती परत तिथेच लावायची.

जुनं ऑइल वाचायला शिका

आता घाई करू नका. बुचाला किंवा झाकणाच्या आत बहुधा चुंबक असतो. त्याच्यावर करडा, मऊ लेप दिसेल. तो बोटांत चोळा. लोण्याइतका मऊ लागला, बोटांना कण टोचले नाहीत, तर ती नेहमीची झीज आहे आणि काळजीचं कारण नाही. पहिल्यांदाच बदलत असाल तर लेप बराच जाड असू शकतो, कारण नवे गिअर एकमेकांत बसताना सुरुवातीला जास्त कीस निघतो.

बोटांना टोचणारे कण, चमकणाऱ्या पापुद्र्यासारख्या खपल्या किंवा हातात धरता येईल असा तुकडा मिळाला तर गोष्ट वेगळी. पापुद्रे बहुधा बेअरिंगच्या किंवा दातांच्या पृष्ठभागाचे असतात. तुकडा असेल तर कुठला तरी दात गेलाय. अशा वेळी नवं ऑइल भरून प्रश्न मिटत नाही. हाउसिंग उघडून तपासावंच लागतं, आणि तोवर ती गाडी ओझ्याला जुंपू नका.

रंगाकडे बघा. गडद तपकिरी, काळपट रंग जुन्या ऑइलचा असतोच. दुधाळ, राखाडी-पांढुरकं ऑइल म्हणजे आत पाणी गेलंय. करपल्याचा जहाल वास आला तर ऑइल फार तापलं होतं: पातळी कमी असेल, ओझं जास्त असेल किंवा बेअरिंग फार आवळलेलं असेल. घमेल्यात किती ऑइल निघालं तेही मोजा. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा बरंच कमी निघालं तर ते कुठून तरी जातंय. पिनियनच्या सीलजवळ, शाफ्ट जिथे हाउसिंगमध्ये शिरतो तिथे ओल आहे का बघा. चाकांच्या आतल्या बाजूला ऑइलचे ओघळ असतील तर ॲक्सलचं सील गेलंय. ते आधी बदलून घ्या, कारण तिथलं ऑइल ब्रेकच्या लायनरवर जातं आणि ब्रेक धरत नाहीत.

झाकण उघडलेलं असेल तर टॉर्चच्या उजेडात क्राउनचा प्रत्येक दात बघा. गिअर न्यूट्रलमध्ये घालून क्राउन हळूहळू फिरवा. त्यासाठी चाकं उचललेली आणि गाडी घोड्यांवर असावी लागते. तसं नसेल तर जितके दात समोर दिसतात तेवढे बघा. कडा तुटलेल्या, पृष्ठभागावर खड्डे पडलेले, निळसर डाग आलेले दात चांगले नव्हेत. निळा रंग अति उष्णतेचा. सारखी घासलेली, चकचकीत बाजू दिसली तर समाधान माना.

परत बंद करताना

बुचाचा ॲक्सल असेल तर चुंबक पुसा, वायसर नवा घाला आणि बूच आधी हाताने आटे धरेपर्यंत फिरवा. मग पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला आवळा. निमुळत्या आट्यांच्या बुचांना वायसर नसतो, त्यांना ऑइल सोसणारा थ्रेड सीलंट लागतो. ही निमुळती बुचं जितकी आवळाल तितकी आत जातात, तेव्हा जोर आवरा.

झाकणाच्या बाबतीत खरा वेळ साफसफाईत जातो. दोन्ही पृष्ठभागांवरचं जुनं पॅकिंग किंवा सिलिकॉन प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. त्याचा तुकडा आत पडला तर लगेच उचला. हाउसिंगच्या तळाचा गाळ बिनधाग्याच्या फडक्याने पुसून घ्या. ब्रेक क्लीनर फडक्यावर मारून त्याने पृष्ठभाग पुसा, बेअरिंगांवर थेट फवारू नका. हे काम मोकळ्या हवेत आणि ज्योतीपासून दूर करायचं. पृष्ठभाग पूर्ण कोरडा आणि बिनतेलाचा झाला पाहिजे. वरच्या गिअरांवरून ऑइलचा थेंब पुन्हा पुन्हा ओघळत येतो, म्हणून झाकण लावायच्या क्षणी कड शेवटची पुसा.

सिलिकॉनची रेघ झाकणावर सलग ओढा, ३ ते ५ मिलिमीटर जाड, प्रत्येक बोल्टच्या भोकाला आतल्या बाजूने वळसा घालून. जास्त जाड रेघ नको, दाबून आत आलेला सिलिकॉन सुटून ऑइलमध्ये फिरतो. थोड्याच मिनिटांत त्यावर साय धरायला लागते, त्याआधी झाकण बसवा. सगळे बोल्ट हाताने लावा, मग समोरासमोरचे एकाआड एक करत दोन-तीन फेऱ्यांत आवळा. टॉर्क पुस्तिकेतला. बोल्ट आपल्याला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ कमी आवळायचे असतात, आणि ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की परत येत नाहीत.

सिलिकॉन वाळायला किती वेळ द्यायचा ते ट्यूबवर लिहिलेलं असतं. सक्तीचा वेळ एखाद-दोन तासांचाही असेल, पण जमलं तर रात्रभर जाऊ द्या. मधल्या वेळात एक काम न चुकता करा. ठळक अक्षरांत ‘मागे ऑइल नाही’ असा कागद लिहून स्टिअरिंगला चिकटवा आणि किल्ली खिशात ठेवा. घरातलं दुसरं कोणी गाडी काढली तर थोड्याच अंतरात क्राउन-पिनियन कायमचे निकामी होतील.

नवीन ऑइल भरणं

ऑइलच्या बाटल्या आधी कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा, पंप मारायला हलकं जातं. फ्रिक्शन मॉडिफायर लागत असेल तर तो पहिल्यांदा घाला, म्हणजे मागाहून जागा उरली नाही असं होत नाही. नळी भरायच्या भोकात घाला आणि पंप मारत राहा. भोकाच्या खालच्या काठावरून ऑइल ओघळायला लागलं की थांबा. पाच-दहा मिनिटं गेल्यावर पातळी जरा उतरते, कारण ऑइल ॲक्सलच्या नळ्यांमध्ये पसरतं. पुन्हा थोडं भरा. ओघळ आपसूक थांबला की पातळी काठाशी आली. काही ॲक्सलांमध्ये पातळी काठाच्या थोडी खाली ठेवायची असते, तेव्हा पुस्तिकेतला आकडा बघा आणि करंगळी आत वाकवून ऑइल कुठे लागतं ते चाचपा.

किती गेलं ते पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा. बरंच कमी गेलं असेल तर गाडी तिरकी उभी आहे किंवा जुनं ऑइल पूर्ण निघालेलं नाही. जास्तीचं भरून काही भलं होत नाही, ते फेसाळतं आणि सीलांमधून किंवा ब्रीदरमधून बाहेर पडतं.

ब्रीदर विसरू नका. ॲक्सलच्या नळीवर छोटी टोपी असते किंवा तिथून रबरी नळी वर चॅसिसकडे गेलेली असते. ऑइल तापलं की आतली हवा फुगते आणि ती इथून बाहेर जाते. ब्रीदर मातीने बुजला तर दाब सीलांवर येतो आणि ती गळायला लागतात. तापलेला ॲक्सल पाण्यात गेला की उलट होतं. आतली हवा एकदम आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. जुनं ऑइल दुधाळ निघालं असेल तर आधी इथेच बघा. टोपी बोटाने हलते का, नळीतून फुंकर जाते का, एवढीच तपासणी.

फोर व्हील ड्राइव्ह गाडीला पुढेही डिफरन्शियल असतो. काम तेच, ऑइल कमी लागतं, पण पुढचं हाउसिंग बऱ्याचदा ॲल्युमिनियमचं असतं, त्यामुळे बुचाचे आटे जपा. पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटून देणाऱ्या मधल्या ट्रान्सफर केसचं ऑइल मात्र निराळं, अनेक गाड्यांत तिथे ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं पातळ ऑइल लागतं. डिफरन्शियलचा उरलेला डबा तिथे रिकामा करू नका.

गाडी बाहेर काढताना

पहिली पंधरा-वीस मिनिटं हळू चालवा, मग थांबून खाली बघा. बुचाभोवती, झाकणाच्या कडेला, पिनियनपाशी ओल आहे का. कामाच्या वेळी सांडलेलं ऑइल नीट पुसून घेतलेलं असेल तरच नवी गळती ओळखता येते, म्हणून ते आधीच पुसा. लिमिटेड स्लिप असेल तर मोकळ्या मैदानात आठाच्या आकड्यात सावकाश आठ-दहा फेऱ्या मारा, म्हणजे मॉडिफायर चकत्यांमध्ये शिरतो. तरी वळताना कटकट राहिलीच तर मॉडिफायर थोडा आणखी लागेल. वेग वाढवताना किंवा पाय काढल्यावर येणारा हुंकारासारखा आवाज पूर्वीपासून होता आणि अजून येतोय, तर तो दातांच्या जुळणीचा किंवा बेअरिंगचा आहे. ते काम माहीतगार माणसाकडे द्या, कारण पिनियनची खोली आणि बेअरिंगचा ताण बसवायला मोजमापाची साधनं लागतात.

जुनं ऑइल त्याच रिकाम्या बाटल्यांत भरा, झाकणं घट्ट लावा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला किंवा केंद्राला द्या. गटारात किंवा मातीत ओतू नका, ते मातीत मुरतं आणि पाण्यात उतरतं. ब्रेक क्लीनर किंवा पाणी त्यात मिसळू नका, भेसळ झालेलं ऑइल घ्यायला ते सहसा तयार नसतात. तेलकट चिंध्या उन्हापासून दूर, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

शेवटी रंगाच्या पेनाने झाकणावर किंवा हाउसिंगवर तारीख, किलोमीटर, ऑइलचा आकडा आणि मॉडिफायर घातला की नाही हे लिहा, तेच पुस्तिकेतही उतरवा. चुंबकावरचा लेप कसा होता याची एक ओळ त्यात असू द्या, पुढच्या वेळी तुलना करायला ती लागते. पाचशे-एक किलोमीटरनंतर बुचांवर एकदा पाना लावून ती सैल झाली नाहीत ना ते बघा.